झडप अरुंद झाली; पण कशामुळे?

पर्वतीच्या पायऱ्या चढताना पन्नाशीच्या गृहस्थांना धाप लागली, की घरची मंडळी वयाला किंवा वाढत्या वजनाला दोष देतात. तपासणीत हृदयाची झडप अरुंद झाल्याचे कळले, की सर्वांचे लक्ष शस्त्रक्रियेकडे आणि तिच्या खर्चाकडे वळते. या घाईत एक प्रश्न विचारायचा राहतो : झडप अरुंद झाली ती कशामुळे?

भारतात हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद होण्याचे प्रमुख कारण म्हणजे बालपणी घशाच्या संसर्गानंतर आलेला संधिवाताचा ताप. ताप विस्मरणात जातो; झडपेची दले मात्र हळूहळू जाड होऊन एकमेकांना चिकटतात. ही बाब डॉक्टरांच्या परिचयाची असते. निदान चुकण्याचा धोका असतो तो विरळा कारणांच्या बाबतीत.

'मिक्सोमा' हे त्यांतील एक. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात वाढणारी ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते. परंतु देठावर लोंबकळत ती झडपेच्या मुखात येते आणि रक्ताची वाट अडवते. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा आवाज अरुंद झडपेसारखाच भासतो. शरीराची स्थिती बदलताच धाप किंवा भोवळ येणे, बारीक ताप आणि घटणारे वजन या खुणा संशय निर्माण करतात. गाठीचा तुकडा मेंदूकडे गेल्यास पक्षाघातही होतो.

हा भेद उघड केला तो ध्वनिलहरींनी. १९५३ मध्ये स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी जहाज कारखान्यातील, धातूचे दोष शोधणारे यंत्र हृदयावर वापरून पाहिले. आजच्या 'एको' तपासणीचा तो आरंभ. पुढच्याच वर्षी त्याच देशात क्राफोर्ड यांनी अशी गाठ शस्त्रक्रियेने यशस्वीरीत्या काढली.

कारणावरच उपचार ठरतो. चिकटलेली दले अनेकदा फुग्याने विलग करता येतात. गाठ असल्यास ती शस्त्रक्रियेने काढावी लागते. वार्धक्यात किंवा मूत्रपिंडाच्या जुन्या विकारात झडपेच्या कड्यावर कॅल्शियम साचले असेल, तर फुग्याचा उपयोग होत नाही. कधी महाधमनीची झडप निर्दोष असते आणि तिच्या खालचा जन्मजात पडदाच अडथळा ठरतो.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना पूर्वेतिहास लिहून न्यावा : बालपणी सांधे सुजून ताप आला होता काय, कर्करोगासाठी छातीला किरणोपचार झाले होते काय, ल्युपससारखा विकार आहे काय. किरणोपचारांचा परिणाम झडपेवर वीस वर्षांनीही दिसू शकतो. महाधमनीच्या झडपेला जन्मतः तीनऐवजी दोनच दले असल्याचे आढळल्यास भावंडांची व मुलांचीही एको तपासणी करण्याविषयी विचारावे. शंका उरल्यास अन्ननलिकेतून केलेली एको तपासणी अधिक स्पष्ट चित्र देते.

व्यापारात तूट दिसली, तर ती कोठून आली हे शोधल्यावाचून कोणी भांडवल ओतत नाही. हृदयाच्या बाबतीतही तीच सावधगिरी हवी.