माऊसचा बाण बदलायचाय, मग बँकेचं पान वाचायची परवानगी कशाला?

गेल्या दिवाळीत मामाकडे गेलो होतो. मामेबहीण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, नवा लॅपटॉप घेतलाय. तिच्या स्क्रीनवर नेहमीच्या पांढऱ्या बाणाऐवजी मांजरीचा गुलाबी पंजा फिरत होता. छान दिसत होता, खोटं कशाला बोलू! पण पंजा क्रोममध्ये वर टॅबच्या पट्टीवर गेला की परत साधा बाण व्हायचा. म्हणजे हे विंडोजमधून केलेलं नव्हतं, ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन टाकलं होतं.

मी त्या एक्स्टेन्शनची माहिती उघडली. परवानगीच्या जागी लिहिलं होतं: सर्व वेबसाइटवरचा तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे. त्याच ब्राउझरमध्ये ती महाडीबीटीचा फॉर्म भरते आणि मामाचं नेट बँकिंगही तिथेच उघडतं.

फोनवर आपण आता शहाणे झालोय. टॉर्चच्या ॲपने कॉन्टॅक्ट मागितले की लगेच नकार देतो. पण फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन नसतात, त्यामुळे लॅपटॉपवर आल्यावर ‘ॲड एक्स्टेन्शन’ हे बटण आपण न वाचता दाबतो.

एवढी मोठी परवानगी लागतेच का?

हो, लागते. हे काही फसवणुकीचं लक्षण नाही. वेबपेजवर बाण कसा दिसावा हे त्या पानाच्या सीएसएसमध्ये ठरतं. सगळीकडे पंजा दिसायला हवा असेल, तर एक्स्टेन्शनला तुम्ही उघडाल त्या प्रत्येक पानात आपला कोड घालावा लागतो. आणि पानात शिरलेल्या कोडला बाणाबरोबरच पानावरचा मजकूर आणि तुम्ही टाइप केलेलं सगळं दिसू शकतं. ‘फक्त बाण बदला, बाकी काही बघू नका’ अशी वेगळी परवानगी क्रोममध्ये नाहीच.

बहुतेक एक्स्टेन्शन बनवणारे या परवानगीचा गैरवापर करत नाहीत. प्रश्न आजचा नाही, उद्याचा आहे.

खरी मेख अपडेटमध्ये

एक्स्टेन्शन गुपचूप, आपोआप अपडेट होतात. नव्या आवृत्तीने जास्त परवानगी मागितली, तर क्रोम ते एक्स्टेन्शन थांबवतं आणि तुम्हाला विचारतं. पण ज्याच्याकडे आधीच सगळ्या वेबसाइटची परवानगी आहे, त्याला पानं वाचायला वेगळं काही मागावंच लागत नाही. मग तुम्हाला कळणार कसं?

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही, घडलंय. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे न वापरातले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं एक्स्टेन्शन होतं. २० लाखांहून जास्त लोक वापरायचे. २०२० मध्ये मूळ डेव्हलपरने ते दुसऱ्याला दिलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर म्हणून बंद केलं. वापरणाऱ्यांनी काहीच बदललं नव्हतं, मालक बदलला होता.

दुसरं उदाहरण सायबरहेवनचं. ही कंपनीच मुळात डेटा सुरक्षेची. २४ डिसेंबर २०२४ रोजी तिथल्या एका कर्मचाऱ्याला क्रोम वेब स्टोअरच्या नावाने खोटा ईमेल आला. त्यातून हल्लेखोरांना एक्स्टेन्शन अपलोड करायचा ॲक्सेस मिळाला आणि कुकीज चोरणारी आवृत्ती नाताळात लोकांपर्यंत पोहोचली. त्या एक्स्टेन्शनचे वापरकर्ते होते सुमारे ४ लाख. सुरक्षेची कंपनी फसू शकते, तर फावल्या वेळात मांजरीचे पंजे बनवणारा एकटा डेव्हलपर किती टिकणार?

बाणाचा इतिहासही काही साधा नाही

१९९० च्या दशकाच्या शेवटी ‘कॉमेट कर्सर’ नावाचं सॉफ्टवेअर होतं. वेबसाइटनुसार बाणाचं चित्र बदलायचं. १९९९ मध्ये उघड झालं की ते प्रत्येकाला वेगळा क्रमांक देऊन कोण कुठल्या वेबसाइटवर जातं याची नोंद ठेवत होतं.

२००७ मध्ये तर हलत्या बाणाच्या फाइलमध्येच, म्हणजे डॉट एएनआय प्रकारात, विंडोजची गंभीर चूक उघड झाली. फाइलच्या एका भागाची लांबी विंडोज नीट तपासत नव्हतं, त्यामुळे नुसती वेबसाइट उघडली तरी हल्लेखोराचा कोड चालू शकायचा. तेव्हा नवाकोरा असलेला व्हिस्टाही सुटला नाही. मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या तारखेची वाट न पाहता ३ एप्रिलला दुरुस्ती दिली. ती चूक कधीच बुजली, पण विंडोज अपडेट का टाळू नये याचं हे उत्तम उदाहरण.

मग बाण बदलायचाच नाही का?

बदला की! फक्त ब्राउझरमधून नको, विंडोजमधून.

१. रंग आणि आकार: विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज > ॲक्सेसिबिलिटी > माऊस पॉइंटर अँड टच. पांढरा, काळा, पार्श्वभूमीच्या उलटा किंवा हवा तो रंग निवडा. आकार १ ते १५. घरात आजी-आजोबांना बाण सापडत नसेल, तर आजच मोठा करून द्या.

२. चित्राचा बाण: सेटिंग्ज > ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस > माऊस > ॲडिशनल माऊस सेटिंग्ज > पॉइंटर्स. तिथे ‘ब्राउझ’ करून डॉट सीयूआर किंवा डॉट एएनआय फाइल निवडा. नाही आवडला तर ‘यूज डिफॉल्ट’.

३. डाउनलोड केलेल्या झिपमध्ये डॉट ईएक्सई दिसली की सरळ डिलीट. चित्र लावायला प्रोग्रॅम चालवावा लागत नाही.

४. मॅकवर ॲक्सेसिबिलिटी > डिस्प्लेमध्ये बाणाची कडा, आतला रंग आणि आकार बदलता येतो.

विंडोजमधून बदललेला बाण टॅबच्या पट्टीवर, डेस्कटॉपवर, वर्डमध्येही तसाच राहतो. म्हणजे काम जास्त आणि परवानगी शून्य.

एक्स्टेन्शन ठेवायचंच असेल, तर त्याच्या माहितीत जाऊन साइट ॲक्सेस ‘ऑन स्पेसिफिक साइट्स’ करा आणि दोन-चार साध्या वेबसाइटच द्या. बँकेसाठी वेगळं क्रोम प्रोफाइल ठेवा, त्यात एकही एक्स्टेन्शन नको.

मामेबहिणीचा पंजा मी काढला तेव्हा ती जाम चिडली होती. मग एक डॉट सीयूआर फाइल शोधून तोच पंजा विंडोजमधून लावून दिला. आता तो सगळीकडे फिरतो आणि मामाच्या बँकेच्या पानात डोकावत नाही. तुम्हीही आज लॅपटॉप उघडला की एक्स्टेन्शनची यादी एकदा बघा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: तुझं काम काय, आणि तू मागतोस काय?