यंत्र, करार आणि न झालेली भरती

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे किती माणसांच्या नोकऱ्या जातील, हा प्रश्न सध्या व्याख्यानमालांपासून कचेरीतल्या मधल्या सुट्टीपर्यंत सर्वत्र विचारला जात आहे. प्रश्न रास्त आहे. परंतु तो ज्या रीतीने विचारला जातो ती रीत आपल्या देशाच्या अनुभवाशी जुळणारी नाही. यंत्र दारातून आत आले आणि त्याच दिवशी माणूस त्याच दारातून बाहेर पडला, असे आपल्याकडील संघटित क्षेत्रात क्वचितच घडले आहे. कायदा, कामगार संघटना आणि सरकारी मालकी या तिहींनी मिळून ते घडू दिले नाही. जे घडले ते निराळे होते, आणि निराळे असल्यामुळेच ते कोणाच्या डोळ्यांवर आले नाही. माणूस वयोमानाप्रमाणे निवृत्त झाला, शाल-श्रीफळ देऊन त्याचा निरोपसमारंभ झाला, आणि त्याची जागा पुन्हा भरली गेली नाही. यंत्राने घेतलेली नोकरी ती हीच. तिच्यासाठी मोर्चा निघाला नाही, कारण ज्याची ती जायची होती तो त्या वेळी शाळेत शिकत होता.

हे सारे अगदी स्वच्छ दिसते ते आपल्या बँकांच्या इतिहासात. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा देशातील व्यापारी बँकांच्या शाखा सुमारे ८,२०० होत्या. १९९० पर्यंत त्या ६०,००० च्या घरात गेल्या. वीस-एकवीस वर्षांत सातपट वाढ! तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या खेड्यात, साखर कारखान्याच्या परिसरात बँकेची पाटी लागली, आणि प्रत्येक पाटीमागे रोखपाल, कारकून, शिपाई आणि अधिकारी उभे राहिले. महाराष्ट्रातील निम्नमध्यमवर्गाचे जे स्थित्यंतर त्या दोन दशकांत झाले, त्यात या नोकरीचा वाटा फार मोठा आहे. वाणिज्य शाखेचा साधा पदवीधर, बहुधा घरातला पहिलाच पदवीधर, स्पर्धापरीक्षा देऊन बँकेत लागे. त्याच्या पगारावर धाकट्या भावंडांची शिक्षणे होत, बहिणींची लग्ने होत, आणि पुढे गृहनिर्माण संस्थेत दोन खोल्यांचे घर होई. मुलींसाठी तर शिक्षिका आणि परिचारिका यांखेरीज प्रतिष्ठेचा असा हा तिसरा मार्ग खुला झाला होता.

त्या शाखेतील काम हाताचे होते. पितळी टोकन घेऊन ग्राहक बाकावर बसे. धनादेश एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाई. खातेवहीत नोंद होई, ती दुसरा तपासून सही करी, आणि मग रोखपाल पुकारा करी. संध्याकाळी दिवसाचे पुस्तक जुळले नाही तर दोन रुपयांच्या फरकासाठी चौघे जण रात्री आठपर्यंत बसत. बचत खात्यावरील व्याजाची आकारणी हे तर एक स्वतंत्र प्रकरण होते. महिन्याची दहा तारीख ते महिनाअखेर या काळात खात्यात जी किमान शिल्लक असेल तेवढ्यावरच व्याज मिळे. हा नियम ठेवीदारावर अन्याय करणारा होता यात शंका नाही. पण दररोजच्या शिलकेवर हजारो खात्यांचे व्याज माणसाने हाताने काढणे शक्यच नव्हते. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने दैनंदिन शिलकेवर व्याज देणे सुरू झाले, आणि ते संगणकामुळेच शक्य झाले. यंत्राच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे उदाहरण अधिक वेळा द्यायला हवे. ते देत नाहीत, याचे कारण बहुधा असे की, शाखांत संगणक येऊन बराच काळ लोटल्यानंतर हा लाभ ठेवीदाराच्या पदरात पडला.

संगणकाविरुद्धचा लढा बँकांच्याही आधी आयुर्विमा महामंडळात झाला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यातील इलाको हाऊस या इमारतीत संगणक बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस पहारा दिला होता. पुढे केंद्र सरकारने हा सगळा प्रश्न प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपवला आणि त्या समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. पुण्याच्या गोखले संस्थेत बसून दारिद्र्याचा हिशेब मांडणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाकडेच स्वयंचलनाचा प्रश्नही जावा, यात एक औचित्य होते. बेकारी आणि यंत्र हे दोन विषय त्या काळी वेगळे मानले जात नव्हते.

बँकांमध्ये सप्टेंबर १९८३ मध्ये मालकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात पहिला महत्त्वाचा करार झाला; पाठोपाठ १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला. यंत्रे किती, कोठे आणि कोणत्या कामासाठी, यांवर मर्यादा होत्या. जे यंत्र शाखेत आले ते वस्तुतः छोटा संगणकच होते. पण व्यवहारात त्याला खातेवही लिहिण्याचे प्रगत यंत्र म्हणायचे. शब्द बदलला की भीती कमी होते, हे दोन्ही पक्षांना कळत होते. अखेर २९ ऑक्टोबर १९९३ रोजी संगणकीकरणाचा व्यापक करार झाला. त्याच्या मोबदल्यात कर्मचाऱ्यांना एक जादा वेतनवाढ मिळाली. निवृत्तिवेतनाचा करारही त्याच दिवशी झाला.

संघटनांनी हे सौदे उत्तम केले, असेच म्हणावे लागेल. कोणाची नोकरी गेली नाही, वेतन वाढले, म्हातारपणाची सोय झाली. संघटनेचे काम सभासदांचे हित पाहणे हेच असते आणि त्या कसोटीवर तिला दोष देता येत नाही. तथापि, त्या टेबलाशी तिसरा पक्ष बसलेला नव्हता. पुढील वीस वर्षांत जे पदवीधर होणार होते, त्यांच्या वतीने मालक बोलणार नव्हते आणि संघटनाही बोलणार नव्हती; कारण ते तिचे सभासद नव्हते. यंत्रामुळे जे श्रम वाचले त्यांचा एक हिस्सा बँकेला मिळाला, एक हिस्सा आत असलेल्यांना मिळाला. जे बाहेर उभे होते त्यांच्या वाट्याला बंद झालेले दार आले.

दार बंद झाले हे अलंकारिक विधान नव्हे. २०००-०१ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आणि सुमारे १ लाख कर्मचारी बाहेर पडले. २००१ मध्ये बँकांच्या भरतीसाठी असलेली सेवाभरती मंडळेच मोडीत काढण्यात आली. पुढे भरती पुन्हा सुरू झाली, २०११ पासून सामाईक परीक्षाही होऊ लागल्या. परंतु तोपर्यंत कामाची घडणच बदलली होती. नव्वदच्या दशकाच्या आरंभी बँक कर्मचाऱ्यांत कारकुनांचा वाटा निम्म्याच्या आसपास होता. आज तो पाव हिश्श्याच्या आसपास उतरला आहे. काम मात्र कमी झालेले नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये जनधन खात्यांची संख्या ५० कोटींपलीकडे गेली, आणि त्याच महिन्यात मोबाइलवरून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांची मासिक संख्या १,००० कोटींच्या वर गेली. ही व्यवस्था सुरू झाली ती २०१६ मध्ये. एवढे व्यवहार खातेवहीत उतरवायचे म्हटले असते तर सारा देश कारकून झाला असता, हेही कबूल केले पाहिजे.

येथे यंत्राचे समर्थक म्हणतील की, एका दाराकडे पाहून रडता कशाला? दुसरी दारे उघडली ती पाहा. हा युक्तिवाद पोकळ नाही. ज्या संगणकाविरुद्ध वडिलांनी घोषणा दिल्या, त्याच संगणकाने मुलाला हिंजवडीत नोकरी दिली, अशी घरे पुण्यात आणि ठाण्यात पुष्कळ सापडतील. आज देशातील संगणक-सेवा उद्योगात ५० लाखांहून अधिक लोक काम करतात. परदेशातील एक दाखलाही नेहमी दिला जातो. पैसे देणारे पहिले यंत्र लंडनजवळच्या एनफिल्ड येथे १९६७ मध्ये बसले. अशी यंत्रे अमेरिकेत सर्वत्र पसरली तेव्हा शहरी शाखेतील रोखपालांची सरासरी संख्या सुमारे २० वरून १३ वर आली. पण शाखा चालवणे स्वस्त झाल्यामुळे बँकांनी शाखाच वाढवल्या आणि एकूण रोखपाल कमी झाले नाहीत. जेम्स बेसन या अभ्यासकाने हा हिशेब मांडला आहे. दाखला देणारे बहुधा येथेच थांबतात. २०१० नंतर, लोक मोबाइलवरून व्यवहार करू लागल्यावर, तेथेही रोखपालांची संख्या घसरणीला लागली, हा उत्तरार्ध सांगायचा राहून जातो.

शिवाय एकूण बेरीज जुळली म्हणजे न्याय झाला, असे होत नाही. डेव्हिड रिकार्डोने १८२१ साली आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत यंत्रांवर एक नवे प्रकरण घातले. यंत्राने सर्वांचेच भले होते, हे आपले आधीचे मत त्याने त्यात बदलले, आणि यंत्र आपल्या मुळावर येते ही मजुरांची भावना निव्वळ अडाणीपणाची नाही, असा निर्वाळा दिला. अर्थशास्त्राचे विद्यार्थी रिकार्डोचा खंडसिद्धान्त पाठ करतात. हे प्रकरण परीक्षेत सहसा विचारले जात नाही. हिंजवडीतील नोकरी अभियंत्याला मिळाली. बँकेतील जी जागा नाहीशी झाली ती परभणीच्या किंवा चिपळूणच्या वाणिज्य पदवीधराची होती. ही दोन माणसे एक नव्हेत, आणि पहिल्याच्या पगाराने दुसऱ्याची चूल पेटत नाही.

दुसऱ्याचे काय झाले? काम सर्वस्वी गेले नाही. ते वेगळ्या नावाने परत आले. २००६ पासून बँकांना गावोगाव व्यवसाय-प्रतिनिधी नेमण्याची मुभा मिळाली. ज्याला आज लोक बँकमित्र म्हणतात तो खाते उघडतो, अंगठ्याचा ठसा घेऊन पैसे देतो, वृद्धांना निवृत्तिवेतन मिळवून देतो. म्हणजे जे शाखेतील कारकून करी तेच करतो. पण पगारावर नव्हे, व्यवहारागणिक मिळणाऱ्या कमिशनवर. त्याला ना वेतनकरार लागू, ना निवृत्तिवेतन. उरलेल्या कामाचा बराचसा भाग ग्राहकाने स्वतः, फुकट, आपल्या मोबाइलवर करायचा असतो. शिक्षक वाचकांना हा प्रकार अनोळखी वाटू नये. पद रद्द न करता ते रिकामे ठेवायचे आणि तेच काम तासिका तत्त्वावर करून घ्यायचे, ही रीत महाविद्यालयांत कोणत्याही यंत्रावाचूनच रूढ झाली आहे.

आता हीच गोष्ट त्या दुसऱ्या दाराशी घडू लागल्याची चिन्हे आहेत. देशातील सर्वांत मोठ्या संगणक-सेवा कंपनीची कर्मचारीसंख्या २०२३-२४ या वर्षात १३ हजारांहून अधिक घटली. याचे सगळे खापर कृत्रिम बुद्धिमत्तेवर फोडणे घाईचे होईल. परदेशांतून येणारी मागणी मंदावली होती हेही कारण आहे. परंतु नवशिक्याला जे काम देऊन शिकवले जाई, म्हणजे लहानसा प्रोग्राम लिहिणे, चाचणी घेणे, अहवालाचा कच्चा खर्डा करणे, नेमके तेच काम ही नवी यंत्रणा बरे करते. मालकाला अनुभवी माणूस हवाच असतो; नवखा मात्र नको असतो. अनुभवी माणूस एके काळी नवखाच होता, ही गोष्ट ताळेबंदात कोठे दिसत नाही. बँकेतही खातेवही लिहिता लिहिताच कारकून कर्ज ओळखायला शिकत असे.

यावर संगणकाला अडवणे हा उपाय नव्हे. इलाको हाऊसचा पहारा आज कोणी देऊ शकणार नाही आणि देऊही नये. उपाय शोधायचा तो करारातच. आजवर यंत्रांसंबंधीचे करार आत असलेल्यांच्या संरक्षणाचे होते. त्यांत भरतीचे कलम घालता येते. यंत्रामुळे जेवढे मनुष्यतास वाचले, त्यांचा ठरावीक हिस्सा नव्या नेमणुकांच्या रूपाने परत यावा, असे सार्वजनिक बँकांपुरते तरी ठरवणे अशक्य नाही. मंजूर पदे किती, भरलेली किती, निवृत्तीने रिकामी झालेली किती आणि कंत्राटावर गेलेली किती, हे चार आकडे दरवर्षी एका पानावर जाहीर करण्यास तर दमडीचाही खर्च नाही. बँकमित्राला किमान वेतनाची हमी देणे हा तिसरा भाग.

आणि कामाचे तास? केन्सने १९३० साली लिहिले होते की, शंभर वर्षांनी माणसाला आठवड्यातून पंधरा तास काम पुरेल. ती शंभर वर्षे भरत आली. आपल्या बँक कर्मचाऱ्यांना सप्टेंबर २०१५ पासून महिन्यातील दोन शनिवारांची सुट्टी मिळाली. पाच दिवसांच्या आठवड्यावर मार्च २०२४ मध्ये दोन्ही पक्षांची सहमती झाली, तीही सरकारी मंजुरीच्या अटीवर, आणि इतर दिवशी कामाची वेळ वाढवून! कमी तासांची मागणी आळसाची मानली जाते. वस्तुतः उपलब्ध काम अधिक माणसांत वाटण्याचा तो सर्वांत जुना मार्ग आहे, आणि संघटनांनी तो सुट्टीच्या नव्हे, भरतीच्या भाषेत मांडला असता तर त्याला बेकार पदवीधरांचाही पाठिंबा मिळाला असता.

बँक कर्मचाऱ्यांच्या बाराव्या वेतनकराराची मुदत ऑक्टोबर २०२७ मध्ये संपते. तेराव्या कराराच्या मागण्यांचे मसुदे त्याआधीच तयार होतील. भरतीचे कलम त्यांत घालायचे असेल, तर त्याची वेळ आताच आहे.