लाइकचा आकडा आणि दुकानाचा गल्ला

नगरच्या कापड बाजारातल्या दुकानदाराला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: पेज काढा, लाइक वाढवा, गिऱ्हाईक आपोआप येईल. हजाराच्या भावाने लाइक विकत आणून देणारेही भेटतात. हा सल्ला साफ चुकीचा आहे, वर खिशालाही चाट.

फेसबुकने लाइकचं बटण 2009 मध्ये आणलं. आकडा आपण पाहतो. फेसबुकची यंत्रणा पाहते, ही पोस्ट पुढे कुणाला दाखवायची. विकतचे लाइक बहुधा बनावट खात्यांचे. ती खाती पुढच्या पोस्टवर क्षणभरही थांबत नाहीत. पोस्ट पडून आहे असं यंत्रणेला दिसलं की ती नगरातल्याच सावेडी-भिंगारच्या खऱ्या गिऱ्हाइकालाही दाखवली जात नाही. बरं, एकेकाळी या यंत्रणेला कौतुक आणि संताप यांत डावं-उजवंही नव्हतं. 2017 पासून काही काळ फेसबुक प्रेमाच्या चेहऱ्याइतकंच रागाच्या चेहऱ्यालाही साध्या लाइकच्या पाचपट वजन देत होतं. साड्यांच्या नव्या मालापेक्षा भांडणाची पोस्ट तेव्हा पुढे धावायची, हे ओघानेच आलं.

दुकानाच्या वेबसाइटवर लावलं जाणारं लाइकचं बटण तर त्याहून खोडसाळ होतं. पान उघडताच ते फेसबुकच्या सर्व्हरवरून यायचं आणि कुणी दाबलं नाही तरी पाहणाऱ्याची खबर तिकडे पोचायची. ‘फॅशन आयडी’ या जर्मन कपडे विक्रेत्याच्या खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने जुलै 2019 मध्ये बजावलं, की ही माहिती गोळा करून धाडण्याची जबाबदारी बटण लावणाऱ्यावरही येते. गिऱ्हाईक आपलं, दुकान आपलं, चुगलीही आपल्याच दारातून!

मग हे सगळं रिकामटेकड्यांचं काम, असं म्हणणारेही कमी नाहीत. त्यांनी नगर तालुक्यातल्या सारोळा कासारकडे पाहावं. सत्तरीच्या सुमन धामणे आणि त्यांचा नातू यश पाठक यांचं ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनल 2020 मध्ये घरोघरी पोचलं. पुढे आजींच्या घरच्या मसाल्यांनाही मागणी आली. ती काही अंगठ्यांच्या गर्दीने आणली नाही. गॅसवर कढई ठेवून ‘तिखट किती घातलं?’ म्हणत व्हिडिओ मागे नेणारी सून पाच-दहा मिनिटं तिथेच असते. यूट्यूब 2012 पासून नुसत्या क्लिकपेक्षा याच वेळेला जास्त मोल देतं. भाजी जमली की ती व्हॉट्सॲपवर बहिणीला लिंक धाडते. त्या शेअरमागे तिचा शब्द असतो, म्हणून बहीणही उघडते. माझ्या मते दुकानदाराने जपावं असं बटण हे शेअरचंच एक.

तरी यूट्यूबवरचं बस्तानही पूर्ण भरवशाचं नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये आजींचं चॅनल हॅक झालं होतं. काही दिवसांनी परत मिळालं, हे नशीब. सबस्क्रायबरांची यादी यूट्यूबच्या ताब्यात, आजींच्या नव्हे. तेव्हा बिल करताना गिऱ्हाइकाला विचारून त्याचा नंबर आपल्या वहीत उतरवून घ्यावा, आणि नवा माल आला की त्यालाच आधी कळवावं.