'शिक्षा' म्हणजे शिक्षण की सजा? एकच शब्द, अर्थ दोन टोकांचे

'सर्व शिक्षा अभियान' हे नाव वाचून तुम्हालाही कधी हसू आलंय? २००१ मध्ये सुरू झालेली ही केंद्राची योजना प्रत्येक मुलाला शाळेत आणण्यासाठी होती. मराठी कानाला मात्र ती सगळ्यांना छड्या मारायची मोहीम वाटते. २०१८ मध्ये ही योजना 'समग्र शिक्षा'मध्ये विलीन झाली. नाव बदललं, घोळ तसाच राहिला.

कोणत्या भाषेत काय अर्थ?

• हिंदी, बंगाली, ओडिया, नेपाळी : शिक्षण
• मराठी, कन्नड, तेलुगू, मल्याळम : सजा
• थायलंडमध्ये याच शब्दापासून आलेल्या शब्दाचा अर्थ अभ्यास, शिक्षण
• इंडोनेशियात 'सिक्सा' म्हणजे चक्क यातना!

मूळ अर्थ कोणता?

संस्कृत 'शिक्ष्' धातूचा अर्थ शिकणे. सहा वेदांगांपैकी 'शिक्षा' हे उच्चारांचं शास्त्र. मग त्यात मार कुठून आला? आपल्याच बोलण्यात उत्तर आहे. आपण शाळेत धडा शिकवतो आणि भांडणातही 'धडा शिकवतो'. शिकवणं, वळण लावणं, धाक दाखवणं आणि सजा देणं, असा हा प्रवास. 'शास्' या दुसऱ्या धातूचंही तेच झालं. त्यातूनच शिष्य आणि शास्त्र आले, आणि पिंपरी-चिंचवडकरांच्या ओळखीच्या शास्तीकरातली 'शास्ती'ही.

मग अडचण काय?

दोन्ही अर्थ बरोबर आहेत. अडचण होते ती मराठी आणि हिंदीची लिपी एकच असल्यामुळे. हिंदी प्रसिद्धिपत्रक घाईत मराठीत करताना 'शिक्षा मंत्री' तसाच राहून जातो. अक्षरं बरोबर असल्याने स्पेलचेकलाही चूक दिसत नाही. 'दंड' शब्दाचं तर याहून गंभीर. रोजच्या मराठीत दंड म्हणजे भरायचे पैसे. हिंदी कायद्याच्या भाषेत दंड म्हणजे कोणतीही सजा, अगदी मृत्युदंडसुद्धा. हिंदी नोटीस मराठी डोळ्यांनी वाचली, तर 'पैसे भरून सुटू' असा समज होऊ शकतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मराठी फलक, अर्ज आणि अ‍ॅपवर योजनेचं नाव मराठीतच हवं. हे अवघड नाही. २००९ च्या कायद्याला आपण मराठीत 'शिक्षण हक्क कायदा' म्हणतोच ना? त्याला कोणी 'शिक्षा हक्क' म्हणत नाही.

त्याच कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी आहे. वर्गात शिक्षा नको, शिक्षण हवं, असं कायदाच सांगतो. मग शाळेबाहेरच्या फलकावर तरी 'शिक्षा' कशाला?