‘तू कोण?’ या प्रश्नाचं उत्तर

मोहल्ल्यात कुणाला अर्ज लिहायचा असला की मला हाक यायची. रेशनकार्डावरचं चुकलेलं नाव, जन्माचा दाखला, पोलिसांत द्यायची तक्रार. हे करता करता आपल्याला कायदा कळतो, असं मला वाटू लागलं.

मग शेजारच्या खालांची पोटगीची केस आली. वकिलाच्या फीसाठी त्यांनी कानातले विकले. सोनाराकडे त्यांच्यासोबत मीच गेलो होतो.

पुढे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवक प्रशिक्षणाला बसलो आणि पहिल्याच दिवशी कळलं: विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो. तिला उत्पन्नाची अट नाही. माझी नियत साफ होती, पण खालांचे कानातले गेले ते गेलेच.

मित्र विचारतात, खिदमतीला सर्टिफिकेट कशाला? प्रमाणपत्राने कुणी वकील होत नाही, हे खरंच. कोर्टात बाजू वकीलच मांडतो. ही नोकरीही नाही. मानधनावर घर चालत नाही. बाजारात पैसे घेऊन कागद वाटणारे कोर्सही पुष्कळ आहेत.

पण प्राधिकरणाचं प्रशिक्षण कुठलं दार ठोठवायचं ते शिकवतं, आणि कुठे थांबून वकिलाकडे पाठवायचं तेही. पोलीस ठाण्यात ‘तू कोण?’ असं विचारलं की दाखवायला ओळखपत्र असतं. त्या ओळखपत्रासोबत बंधनही येतं: गरजूकडून पैसे घ्यायचे नाहीत, चुकलो तर जाब द्यायचा. एजंट आणि स्वयंसेवक यांतला फरक नेमका इथेच आहे.

कलम १२ च्या यादीत ‘मुस्लिम’ हा शब्द नाही. पण स्त्रिया, मुलं, कोठडीतले, अपंग, कारखान्यातले कामगार आणि कमी उत्पन्नाचे लोक आहेत. यातलं कुणीच नाही, असं एक तरी घर आपल्या मोहल्ल्यात सापडेल का? हक्क कायद्यात आहे. तो घरापर्यंत नेणारं माणूस मात्र कमी आहे.

तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. तिथे जाऊन पुढची निवड कधी आहे ते विचारा. बहिणींनी तर जरूर जावं. पोटगीची गोष्ट खाला माझ्यापेक्षा त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतील. तोवर १५१०० हा मोफत मदतीचा नंबर पाठ करून ठेवा. पुढच्या खालांना सोनाराकडे जायच्या आधी तो कुणीतरी सांगायला हवा.