जळके ऑइल बोडीत जाऊ नये

गाडीचे ऑइल स्वतः बदलावे की मेकॅनिककडून बदलून घ्यावे, हा वाद बहुतेक वेळा पैशांवर येऊन थांबतो. अमेरिकेत ते ठीक आहे. तिथे कारागिराच्या एका तासाची मजुरी इतकी चढी असते की घरी ऑइल बदलणाऱ्याची बचत डोळ्यांत भरते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली, मूल किंवा शेजारच्या गडचिरोलीत तसा हिशेब बसत नाही. इथे दुचाकीचे ऑइल बदलण्याची मजुरी किरकोळ असते, आणि डबा दुकानातूनच घेतला तर अनेकदा तीही कोणी मागत नाही. खरा खर्च तेलाचा, आणि ते कोणीही ओतले तरी त्याची किंमत तीच. म्हणून इथल्यापुरता निर्णय दुसऱ्याच दोन गोष्टींवर व्हायला हवा: काम नीट कोणाच्या हातून होईल, आणि निघालेले काळे तेल शेवटी कुठे जाईल. माझे मत असे की दुचाकी आणि कार मेकॅनिककडे द्यावी, ट्रॅक्टरचे ऑइल शेतकऱ्याने जरूर स्वतः बदलावे, आणि जळके ऑइल परत नेण्याची जबाबदारी नवे ऑइल विकणाऱ्यांवर टाकावी. यातला तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमके त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही.

दुचाकीत जेमतेम एक लिटर तेल बसते, त्यामुळे काम सोपे वाटते. पण खालचा नट ॲल्युमिनियमच्या भागात बसतो. जोर जास्त लागला की आटे जातात आणि मजुरीत वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो. तेलही कुठलेही चालत नाही. आपल्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो, म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असे मानक पाहावे लागते. कारचे तेल मोटारसायकलीत ओतले तर क्लच घसरू शकतो. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल कारमध्ये धूर गाळणारी जाळी असते, तिला कमी राख सोडणारे तेल लागते. मेकॅनिक सुटे किंवा बनावट तेल टाकतो ही शंका अनेकांना असते आणि ती निराधार नाही. पण त्यावर उपाय आहे. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचा सीलबंद डबा आपण न्यावा, तो आपल्यासमोर फोडून घ्यावा आणि रिकामा डबा भोक पाडूनच टाकावा, म्हणजे त्यात कोणी पुन्हा दुसरे तेल भरून विकणार नाही. एवढी दक्षता घेतली तर बाकीचे काम सरावाच्या हाताला देण्यात कमीपणा नाही.

ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी आहे. धानाच्या या पट्ट्यात चिखलणीचे दिवस मोजकेच असतात. पाऊस पडला, पऱ्हे म्हणजे धानाची रोपे तयार झाली की ट्रॅक्टर एका बांधीतून दुसऱ्या बांधीत सारखा पळतो, आणि त्याच काळात तालुक्याच्या ठिकाणचा मेकॅनिक मिळणे सर्वांत अवघड असते. बहुतेक ट्रॅक्टरना साधारण दर 250 तासांनी ऑइल बदलावे लागते. हे तास मीटरवर दिसतात, पण ते पाहतो चालवणारा. मेकॅनिकची वाट पाहत तेच तेल पुढे रेटले तर त्यातली काजळी आणि धातूचा चुरा बेअरिंगला खात राहतो. काम करण्याची रीत अवघड नाही: सपाट जागा, कोमट इंजिन, नवा फिल्टर, त्याच्या रबराला तेलाचा हात, आणि शेवटी पट्टीवर पातळी बघणे. तेल काळे पडले म्हणून घाबरून आधीच बदलायचेही कारण नाही. डिझेल इंजिनचे तेल थोड्याच तासांत काळे होते. ज्याच्या हातात नांगराचा फाळ बदलायचे कसब आहे त्याला हे काम शिकायला एक दुपार पुरे. कृषी विज्ञान केंद्रांनी आणि आयटीआयनी मे महिन्यात याचे प्रात्यक्षिक ठेवले तर ते वाया जाणार नाही.

अडचण इथून पुढे सुरू होते. एका ट्रॅक्टरमधून सहा-सात लिटर तेल निघते. गावात दहा ट्रॅक्टर आहेत आणि प्रत्येकाचे ऑइल वर्षातून दोनदा बदलते असे धरले तरी सव्वाशे लिटरच्या आसपास जळके ऑइल गावात उरते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज आहे की एका गाडीतून एका वेळी निघालेले तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे 38 लाख लिटर गोडे पाणी खराब करू शकते. आपल्या या झाडीपट्टीत पाण्याची व्यवस्था कशी आहे ते आठवावे. इथे माजी मालगुजारी तलाव आहेत, बोड्या म्हणजे छोटी तळी आहेत, आसोलामेंढ्यासारखा मोठा तलाव आहे, आणि वरच्या बांधीतले पाणी खालच्या बांधीत उतरते. धुऱ्यावर सांडलेले तेल तिथेच राहत नाही. पाण्यावर त्याचा तवंग पसरतो, हवेतला प्राणवायू पाण्यात उतरायला अडथळा होतो, आणि तेलातले जड धातू गाळात साचतात. त्याच तलावात ढिवर समाजाचे लोक मासे धरतात, शिंगाडा लावतात आणि जनावरे पाणी पितात.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे: जळके ऑइल फुकट जात नाही, ते कामाला येते. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला लावतात, सेंट्रिंगच्या पाट्यांना फासतात, डासांच्या अळ्या मरतात म्हणून गटारात ओततात. हिवतापाने इतकी वर्षे त्रस्त असलेल्या गडचिरोलीच्या शेजारी राहणाऱ्यांना ‘गटारात तेल टाकू नका’ असे सहज सांगता येत नाही. तवंगाखाली अळ्या गुदमरतात हे खरेच आहे. पण पहिल्या मोठ्या पावसात गटारातले पाणी बोडीकडेच वाहते. अळ्यांसाठी गप्पी मासे आहेत, आरोग्य खाते ते स्वतःच सोडते. लाकडाच्या बाबतीत मी थोडा सैल आहे. छपराखालच्या कोरड्या वाशाला तेल लावणे एक, आणि ओल्या धुऱ्यात रोवलेल्या किंवा गोठ्यात गायीची जीभ पोहोचेल अशा खांबाला लावणे दुसरे. शिवाय हे सगळे उपयोग धरले तरी सगळे तेल त्यात संपत नाही.

दुसरा आक्षेप असा की मेकॅनिककडे दिल्यानेही प्रश्न मिटत नाही. तो ड्रम भरतो, भंगारवाला नेतो, आणि पुढे ते तेल कुठल्या भट्टीत जळते ते कळत नाही. हेही खरे आहे. 2016 च्या धोकादायक कचरा नियमांत वापरलेले तेल येते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचे असते. तरीही मेकॅनिकच्या दुकानात ते निदान एका जागी साठते, तिथून ते योग्य वाटेला लावता येते. घरोघरी सांडलेले तेल परत गोळा करता येत नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये केंद्राने याच नियमांत दुरुस्ती केली आणि 1 एप्रिल 2024 पासून तेल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेले तेल परत घेऊन शुद्ध करण्याची जबाबदारी टाकली. पहिल्या वर्षाचे लक्ष्य 5 टक्के होते, पुढे ते वाढत जाते. ही टक्केवारी मोठ्या शहरांतले गॅरेज आणि कारखाने यांच्यावर सहज भागेल आणि सावलीपर्यंत कोणी येणारच नाही, ही माझी भीती आहे. नव्या तेलाचे डबे व्याहाड, पाथरीसारख्या गावांतल्या दुकानांपर्यंत पोहोचतात. ज्या गाडीतून ते येतात त्याच गाडीने जुन्या तेलाचा ड्रम परत जाऊ शकतो. नगर पंचायतीने आणि पंचायत समितीने कंपन्यांच्या वितरकांना बोलावून पेट्रोल पंप व कृषी केंद्रांवर असे ड्रम ठेवायला लावावेत, आणि तेल आणून देणाऱ्याला नव्या डब्यावर थोडी सूट द्यावी. जुन्या तेलाला भंगारात भाव आहेच, तेव्हा सूट कोणाच्या खिशाला जड जाणार नाही. हे चिखलणीच्या आधी व्हायला हवे. तोवर ट्रॅक्टरवाल्यांनी निघालेले तेल झाकणाच्या कॅनमध्ये, उन्हापासून दूर ठेवावे. त्यात पाणी, डिझेल किंवा ब्रेकचे तेल मिसळू देऊ नये, कारण मिसळलेले तेल शुद्ध करणे कठीण होते आणि मग ते घ्यायला कोणी तयार होत नाही.