कोफॅक्टर म्हणजे नक्की काय हो?

दहावीच्या बीजगणितात क्रेमरच्या पद्धतीसोबत निश्चयक येतो. तिरका गुणाकार करा, वजा करा, मार्क घ्या! अकरावीत मायनर-कोफॅक्टर, बारावीत ॲडजॉइंट. आमच्या संभाजीनगरात औरंगपुऱ्यापासून सिडकोपर्यंत क्लासेसना तोटा नाही, पण 'म्हणजे काय?' विचारायला वेळ कुणाला आहे?

मंडळी, एक आलेख कागद घ्या. (०,०) पासून (३,१) आणि (१,२) पर्यंत रेघा ओढून समांतरभुज चौकोन पूर्ण करा. क्षेत्रफळ ३×२ − १×१ = ५. हाच निश्चयक. आता ३ चा ४ करा. क्षेत्रफळ ७, म्हणजे २ ने वाढलं. आणि ३ चा कोफॅक्टर? २! त्याऐवजी त्याच ओळीतल्या १ चा २ करा. क्षेत्रफळ ४, म्हणजे १ ने घटलं. त्याचा कोफॅक्टर −१. बाजू एकमेकींकडे झुकल्या की चौकोन चेपणारच. ते गूढ वजा चिन्ह एवढंच सांगतं.

उलट, २०×२० चा निश्चयक कोफॅक्टरने उलगडत बसलात तर सेकंदाला १ अब्ज पदं काढूनही ७७ वर्षं लागतील. कॉम्प्युटर ओळींतून ओळी वजा करत काही हजार गुणाकारांत मोकळा होतो. मग पोरांना नुसती आकडेमोड का घोकायला लावायची? दोन गणितं कमी द्या, पण एक तास आलेख कागदाला द्या. दहावीनंतर गणिताला कायमचा रामराम ठोकणाऱ्यांसाठी तर ती शेवटचीच संधी असते.

तुम्हाला काय वाटतं?